प्लग साफ केला का?

ट्रक बंद पडला, कारण डिझेल संपलं. काटा शेवटपर्यंत पाव टाकी दाखवत होता आणि ड्रायव्हरचा विश्वास माझ्यापेक्षा काट्यावर जास्त. कॅनमधून डिझेल आणून ओतलं, सेल्फ मारला. इंजिन नुसतं घुर्र घुर्र. लाइनीने एअर घेतली होती. डिझेल दाबलं की पुढे सरकतं. हवा दाबली की जागच्या जागी आकसते आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाब येतच नाही. म्हणजे आता फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा आणि हँड पंप मारत बसा. हा पंप ज्याने तिथे बसवला, त्याच्या मनगटाला दोन सांधे असावेत.

तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातले एक काका येऊन उभे राहिले.

"प्लग साफ केला का?"

"याला प्लग नसतो, काका. आत हवा दाबली की इतकी तापते की डिझेल पडल्या पडल्या पेटतं."

काकांनी वाकून इंजिनाकडे पाहिलं. "कोणी काढून नेला?"

"नेला नाही. कंपनीतूनच येत नाही."

"बघा! हल्ली काही पुरं देतच नाहीत."

मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि इमानेइतबारे माझ्या डोळ्यांवर धरला. स्क्रूपाशी फेस येत होता, तो त्यांना दिसला. "पेट्रोल गळतंय!" जमलेली पोरं चार पावलं मागे सरकली. मालाने भरलेल्या ट्रकला धक्का मारायचा प्रस्तावही त्यांनी मांडला आणि त्यासाठी स्वतःचा एक हात मडगार्डवर ठेवला.

रुडॉल्फ डिझेलने 1897 साली हे इंजिन नीट चालवून दाखवलं आणि 1913 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना तो जहाजावरून नाहीसा झाला. कारणाबद्दल अजून वाद आहेत. माझा संशय डेकवर भेटलेल्या एखाद्या काकांवर आहे.

शेवटी बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली. स्क्रू आवळला, उरलेली हवा निघावी म्हणून नोझलच्या पाइपांचे नट जरा सैल केले आणि सेल्फ मारायला सांगितलं. जुना पंप होता म्हणून. नव्या कॉमन रेलला, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जबर दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या इंजिनाला, असला उद्योग करू नये, तिथला दाब डिझेल थेट कातडीत घुसवतो. ड्रायव्हर सेल्फ सोडायलाच तयार नव्हता. त्याला ओरडून थांबवलं, नाहीतर बॅटरीसोबत स्टार्टरही गेला असता. आणि त्याचं बिल ना तो भरणार, ना काका.

नट आवळले. एक सिलिंडर खोकला, मग दुसरा, आणि पांढरा धूर सोडत गाडी लागली.

"प्लगमध्येच कचरा होता," काकांनी पोरांना सांगितलं. मी तोंड उघडलं, पण कोपरापर्यंत डिझेलने माखलेल्या माणसाचं कोण ऐकतं? पोरांनी इस्त्रीच्या शर्टाकडे पाहून माना डोलावल्या.

"आणि हो, लगेच बंद करू नका. थोडा वेळ रेसवर ठेवा," काका जाता जाता म्हणाले.

हे बरोबर होतं, हाच खरा संताप.