पाळी सांगणारा, की मुकादम?

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला घरी आलो तेव्हा जेवताना वाद रंगला. दाजी म्हणाले, "एआय आलं, आता पोरांच्या नोकऱ्या गेल्याच समजा." भाचा म्हणाला, "उलट मामा, आता पुण्याला खोली करून राहायची गरज नाही. सोलापुरात बसून जगाचं काम करता येतं." मी म्युनिकमध्ये राहतो आणि या वादात भाच्याच्या बाजूने आहे. पण एका अटीवर.

आमच्या कंपनीची माणसं चार देशांत विखुरलेली, त्यातला एक सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर या भागात. हिवाळ्यात त्याच्या-माझ्या घड्याळात साडेचार तासांचं अंतर. माझे वडील यंत्रमागावर होते. पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगून यायचे, कुठल्या मागावर धागा सारखा तुटतोय, कुठला ताणा संपत आलाय. ते काम आमच्याकडे आता एआय करतं. संध्याकाळी जर्मनमध्ये झालेल्या बैठकीचा गोषवारा सकाळी त्याला इंग्रजीत मिळतो. काय ठरलं, कुठं अडलं, त्याच्याकडून काय हवंय. पूर्वी भाषेमुळे तो बाजूला पडायचा, आता आमच्या टिपणांतल्या चुका तोच दाखवतो. यंत्रही चुकतं. एकदा कुणाची तरी नुसती सूचना गोषवाऱ्यात 'ठरलं' म्हणून आली आणि त्याचे दोन दिवस फुकट गेले. तेव्हापासून बैठकीतलं कुणीतरी वाचल्याशिवाय गोषवारा पुढं जात नाही.

पण पाळी सांगणारं हेच यंत्र मुकादमही होऊ शकतं. कोण किती वेळ जागेवर होतं, कीबोर्ड किती चालला, सगळं टिपू शकतं. जर्मनीत कामगारांची निवडून आलेली समिती असेल, तर अशी पाळत ठेवू शकणारी साधनं तिच्या संमतीशिवाय आणता येत नाहीत. चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून कर्मचाऱ्याच्या भावना एआयने ताडण्यावर तर युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. जुळे सोलापुरातल्या माझ्या सहकाऱ्याचा करार मात्र भारतातला. बैठक एकच, काम एकच, आणि आमच्या समितीत त्याला मत नाही. हे मला सलतं.

भाच्याला म्हणालो, "मुलाखतीत पगाराआधी विचार, तुमचं साधन माझं काय काय टिपतं आणि ते कोण बघतं."

"असं विचारणाऱ्याला घेतील का?" दाजी म्हणाले.

एकट्याने विचारलं तर कदाचित नाही घेणार. म्हणून तो प्रश्न आमच्या कंपनीत मी लावून धरलाय. म्युनिकच्या टेबलावर जे चालणार नाही, ते जुळे सोलापुरातही चालवायचं नाही, एवढं लेखी हवंय.