राग मानू नका, पण पाणी किती जातं?

‘राग मानू नका’ अशी सुरुवात करणारा माणूस आपला राग आधीच जप्त करून ठेवतो. परवा दवाखान्याच्या बाकावर बाळाचा ओला डायपर बदलला, घडी करून चेनच्या पिशवीत टाकला, आणि शेजारच्या काकांनी नेमकं तेच वाक्य काढलं.

‘ताई, राग मानू नका, पण ते टाकणार नाही का तुम्ही?’

‘नाही काका, कापडी आहे. धुऊन परत वापरायचा.’

काका बाकावर चार बोटं पलीकडे सरकले. मग कुतूहल आवरेना म्हणून सहा बोटं अलीकडे आले. ‘पर्यावरणासाठी?’

याला ‘नाही’ म्हटलं की कंजूषपणाचा शिक्का बसतो आणि ‘हो’ म्हटलं की उलटतपासणी सुरू होते. मी ‘हो’ म्हटलं. काकांनी मोबाइल काढून कॅल्क्युलेटर उघडला. प्रत्येक आकड्याला टुक् असा आवाज करणारा.

‘दिवसाला किती लागतात?’

‘आठ धरा.’

‘एकाला एक बादली. म्हणजे 15 लिटर. पंधरा आठे वीसासे.’ टुक् टुक् टुक्. ‘वर्षाचे 43,800. अडीच वर्षांचे 1,09,500 लिटर!’ हा आकडा त्यांनी अशा आवाजात जाहीर केला की समोरच्या बाकावरचे दोघे खोकायचे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. एक लाख लिटर पाणी पिणारं बाळ माझ्या मांडीवर अंगठा चोखत बसलं होतं.

आता बादलीला एक लंगोट या दराने कोणी धूत नाही. वापरलेले डायपर कोरडेच साठवायचे, हवा लागेल अशा उघड्या टोपलीत, आणि दोन, फार तर तीन दिवसांनी एकदम धुवायचे. बादलीत भिजत ठेवायचे नाहीत. त्याने इलॅस्टिक सैल पडतं, बाहेरचं जलरोधक अस्तर सुटतं आणि बादलीला जो वास येतो त्याचं वर्णन दवाखान्यात करण्यासारखं नाही. आधी थंड पाण्याचं एक छोटं धुणं, मग मुख्य धुणं. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये दोन्ही मिळून साधारण 100 लिटर पाणी जातं, तेही दोन दिवसांचं. हे सगळं मी काकांना सांगितलं. काकांनी मान्य केलं, दिवसाला 50 लिटर धरले आणि नवा आकडा काढला : वर्षाला 18,250.

‘तरी अठरा हजार!’

‘काका, तुम्ही दिवसातून किती वेळा फ्लश दाबता?’

हा प्रश्न आगाऊ होता, कबूल. पण ज्या माणसाने माझ्या बाळाच्या शूचा वार्षिक ताळेबंद भर दवाखान्यात वाचून दाखवला, त्याच्याशी मर्यादा किती पाळायची? काकांना मात्र जराही राग आला नाही. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि विचारलं, ‘रात्रीचं धरून?’

‘धरून.’

‘आठ.’ मग जरा खालच्या आवाजात, ‘त्याच्यासाठीच तर आलोय.’

फ्लशला 6 लिटर धरले. आठ वेळचे 48. टुक् टुक्. वर्षाचे 17,520. काकांनी स्क्रीन जवळ धरली, लांब धरली, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिली. बाळाचे 18,250, काकांचे 17,520. बाळ केवळ 730 लिटरांनी पुढे होतं, आणि त्यात काकांच्या आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी धरलेलंच नव्हतं.

‘मोठ्या माणसांचं वेगळं असतं,’ काका म्हणाले.

माझी खरी तक्रार इथेच आहे. मोठ्यांचं सगळं वेगळं असतं. दिवसाला सहा-आठ डायपर गुंडाळून कचऱ्यात टाकणाऱ्या आईबापांना आजवर कोणी कॅल्क्युलेटर काढून दाखवलेला नाही. त्यांनी काही करायचं ठरवलंच नाही, त्यामुळे त्यांचा हिशेबही नाही. ज्याने थोडंफार करायला घेतलं त्याच्याकडे मात्र पाणी, वीज, साबण, कापूस पिकवायला लागलेलं पाणी, सगळ्याची पावती मागायची. आणि गंमत म्हणजे टाकाऊ डायपरमधली शीसुद्धा आधी संडासात टाकायची असते, काही पाकिटांवर तसं बारीक अक्षरात छापलेलंही असतं. ते अक्षर वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात ते तसंच जातं.

काकांनी पुढचा मुद्दा काढला. ‘पण हल्ली ते कुजणारे पण येतात ना?’

येतात. पाकिटावर हिरवं पान असतं. पण त्यातले बरेचसे भाग कुजायचे तर कंपोस्ट कारखान्यातलं तापमान, ओल आणि हवा लागते. कचऱ्याच्या डोंगराखाली हवाच पोचत नाही. बरं, शोषून घेणारे ते दाणे, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे, बहुतेक ‘हिरव्या’ डायपरांतही असतातच. त्यांच्याशिवाय डायपर इतका पातळ राहूच शकत नाही. उलट बाजूचे लोकही काही कमी नाहीत. साधा डायपर कुजायला 500 वर्षं लागतात, हे वाक्य कापडी गटातला प्रत्येक जण छातीठोकपणे फेकतो. टाकाऊ डायपर सर्रास वापरात आला 1960 च्या दशकात. उरलेली चारशे-साडेचारशे वर्षं कोण मोजून आलं? तो सहजासहजी कुजत नाही एवढं पुरेसं आहे की. त्याला आकड्याचं शेपूट कशाला?

तोवर काकांनी माझ्या पिशवीतला कोरडा, धुतलेला डायपर हातात घेतला होता. न विचारता. पुढच्या बाजूला टिचबटणांच्या ओळी असतात. त्या ते लावायला आणि काढायला लागले. टक्. टक्. बाळाने अंगठा काढला आणि मान वळवली.

‘एवढी बटणं?’

उभ्या ओळी उंचीच्या. बाळ लहान असलं की सगळ्यात खालचं बटण लावून डायपर आखूड करायचा, वाढलं की एकेक ओळ सोडायची. आडवी बटणं कमरेची. कमरेला दोन बोटं सहज जावीत इतपत घट्ट. मांड्यांचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, मांडीवर नव्हे. ‘कापडी गळतात हो’ म्हणणाऱ्या दहांपैकी सातांचं इलॅस्टिक मांडीवर असतं. उरलेल्या तिघांचं आतलं कापड काठाबाहेर डोकावत असतं. एवढंसं टोक पुरतं, त्यातून ओल सगळ्या अंगरख्यात चढते. सात-तीन हा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे. आत्ता लिहिताना काका शेजारी असते तर त्यांनी टुक् टुक् केलंच असतं.

मग काकांचा हात आत गेला आणि चेहरा बदलला.

‘खिसा आहे याला!’

‘हो, पॉकेट डायपर.’

‘एवढ्या पोराला खिसा? ठेवतो काय त्यात?’ आणि त्यांनी आतले दोन्ही इन्सर्ट, म्हणजे शू शोषणाऱ्या कापडी घड्या, ओढून बाकावर मांडले. भर दवाखान्यात. मी आता उठणार होते, पण नंबर चौदावा होता आणि आत सातवा चालू होता.

वरचा मायक्रोफायबरचा, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याचा. खालचा हेम्पचा, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा. मायक्रोफायबर झटकन शोषतो, पण दाबला की सोडून देतो. बाळ कडेवर बसलं की आपला कुडता ओला होतो तो त्यानेच. हा इन्सर्ट थेट कातडीला लावायचा नाही, कातडीचीही ओल खेचतो. म्हणून तो खिशात. हेम्प आळशी. सावकाश शोषतो, पण भरपूर शोषतो आणि धरून ठेवतो. म्हणून उतावळा वर आणि आळशी खाली. रात्रीसाठी हेम्पचे दोन. नवीन हेम्प किंवा सुती इन्सर्ट आणल्या आणल्या वापरला तर पाणी वरून ओघळून जातं, कारण धाग्यात नैसर्गिक तेलं असतात. पाच-सहा धुण्यांनंतर तो रंगात येतो. नवा डायपर पहिल्याच दिवशी गळला म्हणून कपाटात फेकून देणारे लोक त्याला ही संधीच देत नाहीत.

काकांनी इन्सर्ट नाकाशी नेला. तुम्ही वाचताय ते खरं आहे. ‘वास नाही येत.’ या वाक्यात कौतुक होतं की निराशा, कळेना.

वास न येण्याचं रहस्य काही नाही, साबण पुरेसा घालायचा. ‘बाळाचे कपडे, चिमूटभर पावडर पुरे’ या मायेपोटीच सगळे डायपर नासतात. शूमधल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, तो धुण्यात नीट निघाला नाही की सकाळी बाळाला उचलताना डोळ्यांतून पाणी येतं. मातीच्या कपड्यांना घालतो तितकी पावडर घालावी, मशीन दोन तृतीयांश ते पाऊण भरावं. कमी भरलं तर कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, ठासून भरलं तर पाणी फिरत नाही. पहिलं धुणं थंड पाण्यातच, गरम पाण्याने शीमधली प्रथिनं कापडात पक्की बसतात. मुख्य धुणं 60 अंशांवर, पण आधी लेबल बघून, काही अस्तरांना 40 च्या वर चालत नाही. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी साय धरतं आणि ती साय धाग्यावर बसते. तिथे साधा साबण सोडून डिटर्जंट घ्यावा, सोबत थोडा धुण्याचा सोडा. आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. तो धाग्याला मऊपणाचा लेप देतो आणि त्या लेपावरून शू घसरून जाते. झिंक ऑक्साइडचं मलमही तेच करतं, म्हणून ते लावलं की मध्ये एक पातळ सुती फडकं घालायचं.

डाग राहिले तर ओल्या इन्सर्टवर ऊन पडू द्यावं. पिवळे डाग उन्हात फिकट होतात, तेही फुकटात. बाहेरचं अस्तर मात्र सावलीत, आणि आडवं टाकून. इलॅस्टिकच्या टोकाला धरून लटकवलं की ओल्या कापडाच्या वजनाने ते ताणलं जातं.

‘म्हणजे एकूण फायदा आहे की नाही?’ काकांनी मुद्द्याला हात घातला. हा प्रश्न चांगला होता, म्हणून मी सविस्तर उत्तर दिलं आणि तिथेच फसले.

इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने 2008 मध्ये मुलाच्या पहिल्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. टाकाऊ डायपरांचे साधारण 550 किलो कार्बन डायऑक्साइड, कापडींचे 570. जवळजवळ बरोबरी, उलट कापडीच किंचित मागे. टाकाऊ गट हे वाक्य वाचून तिथेच पुस्तक मिटतो. पुढे लिहिलंय की हा सरासरी धुण्याचा आकडा आहे. सगळं ड्रायरमध्ये वाळवलं तर तो 43 टक्क्यांनी चढतो. मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या मुलाला वापरले तर 40 टक्क्यांनी उतरतो. 2023 मध्ये तिथेच नवा हिशेब झाला, त्यात कापडींचा आकडा टाकाऊंपेक्षा 25 टक्क्यांनी कमी आला. म्हणजे सगळा खेळ धुणाऱ्याच्या हातात. चोवीस डायपर पुरतात, पण कपाटात साठ आहेत कारण हत्तीचं, ढगाचं आणि अननसाचं चित्र आवडलं, असं असेल तर त्या साठांचा हिशेब कुठला अभ्यास मांडेल? आणि रात्री किंवा प्रवासात टाकाऊ वापरला म्हणून आभाळ कोसळत नाही. दिवसाला चार कापडी वापरले तर चार टाकाऊ वाचले. यातही सोवळं पाळणारे आहेत, त्यांच्यापासून चार हात लांबच राहते मी.

काकांनी यातलं नेमकं एकच ऐकलं.

‘दुसऱ्या मुलाला वापरले की 40 टक्के कमी?’

‘बाकीचं सगळं केलं तर. हो.’

‘मग दुसरं कधी?’

समोरचे दोघे पुन्हा खोकायचे थांबले.

ते दुसरं बाळ त्याच आईचं असावं अशी अट तिथे नाही, हे मी काकांना सांगितलं. डायपरला गर्भाशय ओळखता येत नाही. मैत्रिणीचं, जावेचं, वरच्या मजल्यावरचं, कोणाचंही बाळ चालतं. काकांना हे उत्तर पळवाट वाटली. त्यांनी माझे इन्सर्ट पुन्हा खिशात भरून दिले, उलटे, हेम्प वर आणि मायक्रोफायबर खाली.

वापरलेले डायपर घेताना तीन गोष्टी बघाव्यात. अस्तर उजेडाकडे धरायचं, टाचणीएवढी भोकं दिसतात. आतल्या बाजूने बोट फिरवायचं, चकचकीत थर फुगलेला किंवा सुटलेला असेल तर ते गळणारच, त्याला उपाय नाही. आणि इलॅस्टिक कानाशी नेऊन ताणायचं. कुरकुर आवाज आला की ते मेलेलं आहे, नवं घालून घेता येतं पण शिवणारा माणूस तोंड वाकडं करतो. आल्यावर एकदा निर्जंतुक करून घ्यावेत, लेबलवर चालत असेल त्याच पद्धतीने. हे सगळं बघायचं, कारण विकणाऱ्या प्रत्येकीच्या निरोपात एकच ओळ असते : ‘जवळजवळ नवा आहे, बाळाने दोनदाच घातलाय.’ इलॅस्टिक कुरकुरतंय, टिचबटण गायब आहे, अननसाचा रंग उडून बटाटा झालाय, आणि घातलाय म्हणे दोनदाच. मधल्या काळात कोण घालत होतं?