निरोगी मेंदूचा मामा

भाचीला निरोगी मेंदू हवे होते. पीएचडीसाठी. पेशंट तिला हवे तितके मिळतात. टंचाई असते ती पन्नाशी उलटूनही अंगात कुठे धातू न बसवलेल्या आणि तासभर गप्प पडून राहायला तयार असलेल्या माणसांची. "मामा, तू ये ना," म्हणाली. भाचीला नाही म्हणायची सोय आपल्याकडे नाही. "निरोगी आहे हे ठरवलं कोणी?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून आला, पण तो कुणी मनावर घेतला नाही.

तपासणीचं नाव मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी. यंत्र एमआरआयचंच, पण इथे फोटोला महत्त्व नाही. मेंदूच्या एका तुकड्यात कुठलं रसायन किती आहे ते बाहेरूनच मोजायचं. सुई नाही, रक्त नाही. भाचीला हवा होता गाबा. मेंदूतल्या पेशी फार उधळल्या की त्यांना 'पुरे आता' म्हणणारं हे रसायन. झोपेच्या आणि घबराटीच्या कित्येक गोळ्या याच गाबाचा जोर वाढवतात. थोडक्यात, माझ्या डोक्यातली शांतता मोजायची होती. त्यासाठी मला एका अरुंद नळीत सरकवून, डोकं पिंजऱ्यात अडकवून, कानात बोळे घालून ठेवणार होते.

आधी फॉर्म. पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का, वेल्डिंग केलंय का, गोंदवलंय का. माझ्या कमरेला चांदीचा करगोटा. "चांदी चुंबकाला चिकटत नाही," मी शाळेतलं ज्ञान काढलं. "काका, काढा," टेक्निशियन म्हणाला. त्याच्या मागे 3 टेस्लाचं चुंबक होतं, पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा साठ हजार पटींहून जास्त जोराचं. त्यामुळे वाद वाढवला नाही. हातात एक रबरी फुगा दिला. काही झालं तर दाबा, आणि शक्यतो काही होऊ देऊ नका.

आधी जागा ठरवण्यापुरता फोटो. तो आवाज कसा असतो ते एमआरआय केलेल्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम निघेपर्यंत थांबावं. मग बराच वेळ नुसती शांतता. ही शांतता सगळ्यात वाईट, कारण यंत्र बंद पडलं की आपण, तेच कळत नाही. एवढ्यात स्पीकरमधून भाचीचा आनंदी आवाज: "मामा, तुझं पाणी मस्त आलंय!"

आयुष्यात इतकी विचित्र शाबासकी मला मिळालेली नाही. भानगड अशी की हे यंत्र हायड्रोजनचे संदेश ऐकतं, आणि मेंदूत हायड्रोजन सगळ्यात जास्त कशात, तर पाण्यात. गाबासारख्या रसायनांच्या मानाने पाण्याचा आवाज हजारो पट मोठा. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर ढोलपथकाच्या मधोमध उभं राहून शेजारच्याच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची, तसलं हे काम. म्हणून आधी चुंबकक्षेत्र त्या तुकड्यापुरतं एकसारखं करून घेतात, त्याला शिमिंग म्हणतात. ते जमलं की आलेखावर पाण्याची रेघ बारीक आणि टोकदार येते. माझी तशी आली होती. मग ते मस्त पाणी ताबडतोब दाबून टाकतात.

तुकडा होता डोक्याच्या मागच्या बाजूचा, 3 सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा. कवटीच्या फार जवळ घेता येत नाही, तिथली चरबी मोजमापात घुसते. "मामाची चरबी टाळून घ्या," असं ती टेक्निशियनला सांगत होती. स्पीकर चालूच होता.

आणि मग ठक. दोन सेकंदांनी पुन्हा ठक. असं दहा मिनिटं. गाबाची खूण आलेखावर क्रिएटिनच्या मोठ्या शिखराखाली दडलेली असते. क्रिएटिन म्हणजे जिममधली पोरं डबेच्या डबे आणून खातात तेच. म्हणून मोजणी दोन तऱ्हेने करतात, एकदा गाबाला डिवचून, एकदा न डिवचता, आणि दोन्हींची वजाबाकी. क्रिएटिन दोन्हीकडे सारखंच, ते कटतं, गाबा उरतो. फक्त माणूस मध्येच हलला तर वजाबाकी फसते. हे तिने मला आत जाताना सांगितलं आणि तिथपासून माझं नाक खाजायला लागलं. सगळं आयुष्य जे नाक गुमान होतं, ते त्या दहा मिनिटांत जिवंत झालं. आवंढा गिळला तर चालेल का, हे विचारायचं राहिलं होतं. शांत राहायचं ठरवलं तर सोसायटीची मीटिंग आठवली, त्यातला पार्किंगचा ठराव आठवला, आणि ठराव मांडणारे गृहस्थही.

बाहेर आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला: पार्किंगमुळे गाबा बिघडला असेल का? ती म्हणाली, असं एकेका विचाराने काही दिसत नाही. पेशींच्या आत साठवलेला, बाहेर आलेला, सगळा गाबा एकत्रच मोजला जातो, तोही दहा मिनिटांचा मिळून. शिवाय त्या शिखरात दुसरे मोठे रेणूही मिसळलेले असतात, म्हणून त्याला नुसतं गाबा न म्हणता 'गाबा प्लस' म्हणतात. माझ्या शांततेतही भेसळ निघाली.

"बरं, पण आकडा किती?"

"मामा, एकट्याच्या आकड्याला अर्थ नाही. गटाची सरासरी बघायची असते."

हे घरी कुणाला पटवायचं? आलेख कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. काकू म्हणाल्या, ईसीजी चांगला आहे. मेहुण्यांनी हेमोग्लोबिन विचारलं. धाकट्याला माझा आयक्यू हवा होता. बायकोने मात्र नीट चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "यात रागाची रेघ कुठली?" तशी रेघ नसते म्हटल्यावर तिचा विज्ञानावरचा विश्वासच उडाला.

परवा भाचीचा पुन्हा फोन. तोच माणूस, तोच तुकडा, पुन्हा मोजला तर तोच आकडा येतो का, ते तपासायचंय. मी विचार करून सांगतो म्हणालो. तेवढ्यात बायकोने फोन घेतला. "ने गं त्यांना. आणि तासभर कशाला? चांगलं सावकाश मोज. रविवारीच ठेव, माझ्या माहेरचे यायचेत."