‘चायना माल म्हणजे कचरा’ या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकलाय. सार असं की चायना माल म्हणजे कचरा, त्यांच्या गाड्या धडकेत पापडासारख्या चुरतात (सोबत व्हिडिओ), सगळं कॉपी आणि फुकटच्या मजुरीवर, जर्मनीला शंभर वर्षं कोणी हात लावू शकत नाही आणि टॅरिफ लागले की चीन दोन वर्षांत गुडघ्यावर. एरवी सोडून दिलं असतं, पण शेवटी लिहिलंय ‘पोरांनो, डोळे झाकून जर्मनीत ऑटोमोबाईलचं एमएस करा’, आणि तेवढं वाचून मावसबहीण पोराच्या लोनसाठी फ्लॅट गहाण टाकायला निघाली.

व्हिडिओपासून घेऊ. ती गाडी लँडविंड, टेस्ट जर्मनीतल्या एडीएसी या मोटारचालकांच्या क्लबची, साल २००५! गाडीची हालत भयानकच झाली होती, मान्य. पण वीस वर्षं जुना व्हिडिओ आज का फिरवायचा? २०२२ मध्ये युरो एनकॅपनं, म्हणजे गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या युरोपच्याच संस्थेनं, बीवायडी या चिनी कंपनीच्या अॅटो ३ ला ५ स्टार दिले, एमजी ४ लाही ५. एमजीला आपल्याकडे अजून ब्रिटिश समजतात, पण तो ब्रँड कधीचाच शांघायच्या एसएआयसी कंपनीचा झालाय.

आता ते डोळे झाकून जर्मनी. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार केला, २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० नोकऱ्या कमी. गाड्यांचे पार्ट बनवणारी झेडएफ २०२८ पर्यंत १४,००० पर्यंत कमी करणार म्हणते, बॉशनं २०२५ मध्ये आणखी १३,००० जाहीर केल्या, नाशिककरांना बॉश कोण ते सांगायला नको. आणि फोक्सवॅगनच्या करारात सक्तीनं कोणाला काढायचं नाही असंही ठरलंय, म्हणजे रिटायर होणाऱ्यांच्या जागा भरायच्या नाहीत, म्हणजे आत असलेला टिकतो आणि दारात उभा राहतो तो नवीन पोरगा, त्यात जर्मन भाषा कच्ची असलेला आपला तर सगळ्यात मागे. हे सगळं चीनमुळेच झालं असंही नाही हां, रशियाचा गॅस बंद झाल्यावर वीज महागली, इलेक्ट्रिक गाड्यांकडे हे लोक उशिरा वळले, सॉफ्टवेअरमध्ये घोळ घातला. पण ज्या चीनमध्ये फोक्सवॅगन वर्षानुवर्षं एक नंबरला होती तिथं २०२३ मध्ये बीवायडी पुढे गेली, हे त्या फॉरवर्डवाल्याच्या गावीही नाही. पोरानं जायचं तर जावं, पण बॅटरी, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर असलं काहीतरी बघून आणि बी२ लेव्हलपर्यंत जर्मन भाषा करून. डिझेल इंजिन शिकायला फ्लॅट गहाण टाकू नका.

फुकटची मजुरी? तिकडचे पगार आपल्या चाकणपेक्षा जास्त आहेत, मजुरीवरच भागत असतं तर त्या गाड्या चाकणलाच बनल्या नसत्या का? रोबोटिक्सच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनचा २०२३ चा आकडा बघा, दर १०,००० कामगारांमागे चीनमध्ये ४७० रोबोट, जर्मनीत ४२९. बीवायडी १९९५ मध्ये बॅटरी कंपनी म्हणूनच सुरू झाली, इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात महाग पार्ट, म्हणजे बॅटरी, ती घरीच बनवते. आता सरकारी सबसिडी मिळते हे खरंय, युरोपनं चौकशी करून म्हणूनच जादा ड्युटी लावली, आणि चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तीच्या मजुरीचा प्रश्नही खोटा नाही. एवढं मान्य करतो.

कॉपीचंही अर्धं खरं. त्याच लँडविंडनं रेंज रोव्हर इव्होकची नक्कल मारली होती, आणि २०१९ मध्ये बीजिंगच्या कोर्टानं निकाल दिला जग्वार लँड रोव्हरच्या, म्हणजे आपल्या टाटांच्या बाजूनं. पण २०२३ मध्ये फोक्सवॅगननंच ७० कोटी डॉलर घालून एक्सपेंग या चिनी कंपनीत हिस्सा घ्यायचं ठरवलं, चीनसाठीच्या गाड्या तिच्यासोबत डेव्हलप करायला. कोण कोणाकडून शिकतंय मग?

राहिले टॅरिफ. अमेरिकेनं २०२४ मध्येच चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के लावले, युरोपनं बीवायडीवर नेहमीच्या १० वर आणखी १७. पण बीवायडीनं हंगेरीत कारखाना त्याआधीच, डिसेंबर २०२३ मध्ये, जाहीर केला होता. उलट एप्रिल २०२५ मध्ये चीननं रेअर अर्थ मॅग्नेटच्या (इलेक्ट्रिक मोटरमधल्या चुंबकांच्या) निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा युरोपातल्या काही लाइन बंद पडल्या, आणि इकडे पुण्यात बजाजलाही चेतक ई-स्कूटरचं प्रॉडक्शन कमी करावं लागलं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बोगद्याची मशिनं आठवतात का, कंपनी जर्मन, पण बनली चीनमधल्या ग्वांगझूत आणि अडकली चिनी कस्टममध्ये? २०२४ मध्ये पीयूष गोयल यांनी त्यावरून जर्मन मंत्र्यांना दिल्ली मेट्रोत तोंडावर सुनावलं होतं, तो व्हिडिओ शोधून टाका मामा ग्रुपवर.