अजून उतरेल

आमच्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात परवापर्यंत एकाच खिळ्यावर चार वर्षांची कॅलेंडरं टांगलेली होती. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या हे सगळं सासूबाईंच्या बारीक अक्षरात. आणि त्याच चौकोनांत लाल रिफिलने, माझ्या अक्षरात, विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे भाव. फेब्रुवारी २०२४ च्या एका चौकोनात लिहिलंय, "दूध नाही. नेक्सॉन १.२० ने उतरली." परक्या माणसाला वाटेल, नेक्सॉन नावाच्या कुणा पाहुण्या बाई दुधाचा रतीब नाही म्हणून रागाने जिना उतरून गेल्या.

मी बँकेत कर्ज विभागात आहे. समोरच्या माणसाला गाडीचं कर्ज वीस मिनिटांत समजावून देते. सही करताना त्याचा हात अडखळला तर "घ्या हो, गाडी काय रोज घेतो का आपण!" असंही वर म्हणते. स्वतःच्या गाडीसाठी मात्र मी सप्टेंबर २०२२ पासून थांबले आहे.

त्या महिन्यात टियागोची विजेवरची गाडी आली. किंमत ८.४९ लाखांपासून पुढे, पण हा भाव म्हणे पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांनाच. नवरा म्हणाला, "आपण घेऊ या." मी म्हटलं, आठ बावनची फास्ट लोकल पकडल्यासारखं गाडीच्या मागे धावायचं कशाला? थांबलो. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव वीस हजारांनी चढला. नवरा जेवताना काहीच बोलला नाही, फक्त कोशिंबीर दोनदा मागून घेतली. मी म्हटलं, चढलेलं उतरतं. आणि खरोखरच एका वर्षाने ती ७.९९ वर आली! त्या दिवशी घरात माझा शब्द म्हणजे शब्द झाला. खरं तर तिथेच घात झाला. एकदा आकडा लागला की माणूस मटका सोडत नाही.

भाव का उतरतात, याचा मग मी अभ्यासच सुरू केला. गाडीच्या किमतीत सर्वांत जड वाटा बॅटरीचा, बॅटरीत लिथियम, आणि लिथियमचा भाव २०२२ च्या अखेरीस आभाळाला टेकून पुढच्या वर्षभरात धाडकन खाली आलेला. भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत न घालणारी मी, रात्री जेवणं आटोपली की चीनमधल्या लिथियम कार्बोनेटचा भाव बघून झोपायला लागले. तो पडला की मला शांत झोप लागायची.

सासूबाईंना हे पटेना. त्यांचा सगळा अनुभव सोन्याचा. "तुझे सासरे म्हणाले, सोनं उतरलं की पाटल्या करू. त्या पाटल्या अजून व्हायच्या आहेत." २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून मीच फोटोचा हार सारखा केला. मी त्यांना समजावलं, "आई, सोनं आज महाग, उद्या आणखी महाग. ही गाडी आज स्वस्त, उद्या आणखी स्वस्त." त्या म्हणाल्या, "म्हणजे सोनं कालच घ्यायला हवं होतं आणि गाडी कधीच घ्यायची नाही."

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी जानेवारी २०२४ मध्ये विजेची गाडी घेतली. पेढे वाटले. फेब्रुवारीत भाव पडले. कुठल्या कंपनीची ते मी सांगणार नाही, जखम अजून ओली आहे. तेव्हापासून लिफ्टमध्ये आम्ही भेटलो की ते भिंतीवरची "जास्तीत जास्त सहा व्यक्ती" ही पाटी मन लावून वाचतात.

आता माझा हिशेब सांगते, कारण घरात तो कुणी पूर्ण ऐकून घेत नाही. आमची जुनी पेट्रोल गाडी मुंबईच्या रहदारीत लिटरला बारा किलोमीटर देते. पेट्रोल १०३ रुपयांच्या वर. म्हणजे किलोमीटरला साडेआठ रुपये. विजेवर घरी चार्ज केलं तर दोन-सव्वादोन. वाचले सहा. वर्षाला आमचं फिरणं सहा हजार किलोमीटर, म्हणजे बचत छत्तीस हजार. मला हवी ती गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग. भागाकार केला: आठ वर्षं चार महिने. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं. म्हणजे आम्ही फायद्यात येणार त्याच्या बरोब्बर चार महिने आधी वॉरंटी संपणार! ते चार महिने मला रात्री दिसायचे.

नवऱ्याने शांतपणे दुसरा हिशेब मांडला. "तीन वर्षं थांबलीस. छत्तीस गुणिले तीन." एकशे आठ हजार रुपयांची बचत बुडाली. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. "एकशे आठ? चला, एक माळ पुरी झाली."

सप्टेंबर २०२४ मध्ये तर कहर झाला. सणासुदीच्या सवलतीत नेक्सॉनवर तीन लाखांपर्यंत सूट, पण ३१ ऑक्टोबरपर्यंतच. त्याच महिन्यात विंडसर आली: गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरी भाड्याने, किलोमीटरला साडेतीन रुपये. मी घरी समजावून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "घर आपलं आणि जिना भाड्याचा? आणि चढ-उतार मोजणार कोण?" या प्रश्नावर मी आठ दिवस विचार केला. तेवढ्यात नोव्हेंबर उजाडला.

चार्जरचा विषय सोसायटीच्या सभेत गेला, त्याबद्दल थोडक्यातच सांगते, नाहीतर रक्तदाब वाढतो. मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत केबल किती फूट, यावर पाऊण तास. मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "रात्री हिची गाडी वीज ओढत असताना मी लिफ्टमध्ये असलो तर?" चौथ्या मजल्यावरच्या काकांनी उत्तर द्यायला हवं होतं. ते माझ्याकडे बघून गप्प बसले.

सरकारही मला स्वस्थ बसू देईना. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना सहा टक्के कर लावायचं ठरलं, आणि त्याच महिन्यात ते मागेही घेतलं. तीस लाखांशी आमचा काय संबंध? तरी मी दोन्ही नोंदी केल्या. जुलैत बीकेसीत टेस्लाचं दुकान उघडलं, तेही ऑफिस सुटल्यावर काचेबाहेरून पाहून आले. साठ लाखांना अकरा हजार कमी. ते अकरा हजार का सोडले असतील, हे मला अजून कळलेलं नाही. ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी झाली. नवरा हर्षभरित! "एका खेपेचे अडीचशे वाचले!" मी विचारलं, "पलीकडे चिर्ल्याला आपलं कोण आहे?" आमचा टोल मुलुंडच्या नाक्यावरचा, पंचेचाळीस रुपये, आणि तो तर ऑक्टोबर २०२४ मध्येच सगळ्या कारना माफ झाला, अगदी आमच्या खटाऱ्यालासुद्धा.

मग ते पंधरा दिवस आले. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करायची घोषणा झाली होती. ३ सप्टेंबरला दर ठरले, ६ ला विसर्जन, ७ ला पितृपक्ष लागला. नवे दर लागू २२ सप्टेंबरपासून. कॅलेंडर पाहिलं तर त्या दिवशी घटस्थापना! सासूबाई एकदम खूश. "बघ, सरकारसुद्धा पक्ष पंधरवडा पाळतं." मीही वाट पाहिली. २२ तारखेला आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून फोन फिरवला. विजेच्या गाड्यांवर आधीही पाच टक्के जीएसटी, नंतरही पाच. कमी झाला होता तो छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा, अठ्ठावीसवरून अठरा. म्हणजे मी पंधरा दिवस दुसऱ्याच्या नवसाचे उपास केले. वर पेट्रोल गाडी स्वस्त झाल्याने माझा आठ वर्षं चार महिन्यांचा भागाकार पुन्हा पहिल्यापासून.

हा फोन ज्याला केला तो सेल्समन मला २०२२ साली ठाण्याच्या एका शोरूममध्ये भेटला. नंतर त्याने तीन शोरूम बदलली, पण मला सोडलं नाही. एकदा टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंनाही नेलं. चेकनाका आला तेव्हा त्यांनी विचारलं, "अरे, चालू कधी करणार?" येताना त्याच गाडीतून मेथी, कोथिंबीर आणि एक नारळ आणला. त्याने पिशवी वर आणून दिली. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, बारशाला मी चांदीची वाटी पाठवली. त्याचा संसार मार्गी लागला, मी अजून तिथेच.

डिसेंबर आला की तो म्हणतो, "मॅडम, जानेवारीपासून भाव वाढणार." खरं असतं ते. पण डिसेंबरात घेतली तर चार दिवसांत गाडी कागदोपत्री एक वर्षाने जुनी. जानेवारीत घ्यावी, तर मागच्या वर्षीचा स्टॉक सवलतीत निघालेला.

या जानेवारीत सासूबाईंनी खिळा मोकळा केला. नवं कॅलेंडर लावलं, जुन्यांची पानं मांडणीवर अंथरली, वर डबे ठेवले. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "मॅडम, मागच्या वर्षीची एकच गाडी उरलीय. पांढरी. आज हो म्हणालात तर असा भाव परत नाही."

मी त्याला धरून ठेवलं. "आई, ऑक्टोबर चोवीसचं पान कुठंय?"

"तूरडाळीखाली."

डबा उचलला. "दूध २ लि. जास्त, दिवाळी" स्पष्ट दिसत होतं. लाल अक्षरांत "बारा लाख" एवढंच उरलं होतं, पुढच्या आकड्यावर गोल तेलाचा डाग.

"मॅडम? आहात ना?"

"थांबा हं," मी म्हटलं, "जरा शेंगदाण्याखाली बघते."