गिअर घासून चकाकवण्याआधी

वर्कशॉपच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: ग्राइंडिंग झालेले गिअरचे दाते आणि शाफ्ट पॉलिश पेपरने आरशासारखे करा. पिटिंग (दात्यावर बारीक खड्डे पडणं) होणार नाही, तेल पातळ चालेल, ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारं रबरी कडं) जास्त टिकेल. सल्ल्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त नुकसान करतो.

तथ्य एवढंच, की गुळगुळीत दाता खरोखर टिकतो. नासाच्या ग्लेन केंद्राच्या चाचण्यांत सुपरफिनिश केलेल्या, म्हणजे ग्राइंडिंगनंतर आणखी गुळगुळीत केलेल्या गिअरचं पिटिंगपर्यंतचं आयुष्य नुसत्या ग्राइंडिंगवाल्यांच्या साधारण चौपट भरलं. समजा तेलाचा थर ०.४ मायक्रॉन आहे. दोन्ही दात्यांचा खडबडीतपणा प्रत्येकी ०.४ असेल, तर मिळून तो ०.५७ धरतात (साधी बेरीज नाही, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ), म्हणजे उंचवटे थर फाडून एकमेकांना भिडणार. तोच प्रत्येकी ०.१ वर आणला की मिळून ०.१४, आणि तेवढंच तेल पुरतं.

पण हे काम पॉलिश पेपरचं नाही. सुपरफिनिशिंगच्या व्हायब्रेटरी बाउलमध्ये (थरथरणाऱ्या भांड्यात) रसायनामुळे पृष्ठभागावर मऊ पापुद्रा धरतो, उंचवट्यांवरचा तो मीडिया (भांड्यातले घासणारे खडे) पुसून नेतो, आणि सगळीकडून सारखंच निघतं. हाताचा दाब मात्र कडांवर आणि टोकावर पडतो. दात्याच्या टोकाला मुद्दाम दिलेली सूट (टोक किंचित कमी करणं) काही मायक्रॉनचीच असते. ती बिघडली की चकाकणारा गिअर आवाज करू लागतो.

पिटिंगचं म्हणाल, तर ग्राइंडिंगमध्ये जळालेल्या दात्यावरचा तपकिरी डाग पेपरने जातो, खालचा मऊ पडलेला थर तसाच राहतो. तो नायटल एचिंगमध्ये (सौम्य नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोल लावून केलेल्या तपासणीत) काळपट दिसतो. आधी एचिंग करून बघा. डाग घासून काढणं म्हणजे पुरावा पुसणं आहे.

पातळ तेलाचा दावा तर अर्धवट आहे. थराची जाडी ठरते तेलाच्या घट्टपणावर आणि वेगावर. पॉलिशने ती वाढत नाही. सावकाश फिरणाऱ्या, जड लोडच्या गिअरमध्ये थर इतका पातळ असतो की गुळगुळीत दातेही भिडतात. तिथे घट्ट तेल आणि ईपी ॲडिटिव्हच (जास्त दाबाखाली धातू वाचवणारं, तेलात मिसळलेलं रसायन) लागतं.

सीलबद्दलचा सल्ला सरळ उलटा आहे. सीलखालच्या शाफ्टला आरए (सरासरी खडबडीतपणा) ०.२ ते ०.८ मायक्रॉन हवा. त्याहून गुळगुळीत केलात तर सीलच्या ओठाखाली (शाफ्टला टेकणाऱ्या कडेखाली) तेल टिकत नाही आणि रबर जळतं. पेपर सरकवत घासलात तर मळसूत्रासारखे ओरखडे उठतात आणि शाफ्ट स्वतःच तेल बाहेर ढकलतो. तिथलं प्लंज ग्राइंडिंगचं (चाक आडवं न सरकवता सरळ आत दाबून केलेलं) फिनिश आहे तसंच राहू द्या.