जमीन दिसली म्हणून घाबरणारी माणसं

डोलकाठीवरून कुणीतरी ‘जमीन!’ असं ओरडतं आणि डेकवरच्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. एका सागरी कादंबरीत हा प्रसंग मी कॉलेजात असताना वाचला आणि मला तो कळलाच नाही. वादळात सापडलेल्या माणसांना जमीन दिसली, मग ती घाबरली का? पुढची दोन पानं ‘ली शोअर’, ‘टॅक’, ‘वेअर’, ‘मेन कोर्स’ अशा शब्दांनी भरलेली होती. वाक्यं डोळ्यांखालून गेली, मनात एकही उतरलं नाही. पुस्तक मिटलं, ते पुन्हा उघडायला पंधरा वर्षं गेली.

मधल्या काळात ‘ली शोअर’चा अर्थ समजला होता. वारा ज्या किनाऱ्याकडे जहाजाला ढकलत नेतोय, तो किनारा. शिडाचं जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. चौकोनी शिडांची जुनी जहाजं तर वाऱ्याच्या दिशेशी साधारण ६७ अंशांचा कोन ठेवूनच पुढे सरकायची, आणि तेवढ्यातही वारा नि लाटा त्यांना आडवं रेटत राहायच्या. म्हणजे वारा किनाऱ्याकडे आणि तोही वादळी असेल, तर जहाज कितीही वळणं घेऊन समुद्राकडे निसटू पाहो, प्रत्येक फेरीत ते खडकांच्या आणखी जवळ येणार. शेवटची आशा नांगराची. त्याने तळ धरला तर माणसं वाचली, नाही धरला तर संपलं. भर समुद्रात तेच वादळ परवडतं, कारण तिथे वाहत जायला जागा असते.

हे एवढं कळल्यावर तीच दोन पानं मी श्वास रोखून वाचली.

आणि तेव्हा लक्षात आलं की पहिल्या वेळी माझी अडचण नुसती न कळलेल्या शब्दाची नव्हती. आपल्या भाषेत किनारा म्हणजे सुटका. आपण काम तडीस नेतो, पैलतीर गाठतो, आपली नाव किनाऱ्याला लागते. त्यामुळे लेखक मला भीतीकडे नेत असताना माझं मन सुटकेकडे चाललं होतं. एक शब्द अडला आणि अख्ख्या प्रसंगातली भावना उलटी झाली. कादंबरीत याहून मोठं नुकसान मला तरी सुचत नाही.

‘शीट’चंही असंच. शब्द ऐकला की डोळ्यांसमोर कापड येतं. जहाजावर शीट म्हणजे शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. तो तुटला की शीड मोकळं सुटतं, फडफडून फाटू शकतं, आणि जवळचा माणूस त्या दोराच्या फटक्याने जायबंदी होऊ शकतो. वाचकाने कापड फाटलं असं समजून पुढे वाचलं, तर खलाशी जीव मुठीत धरून का धावतायत हे त्याला कळणार नाही. म्हणून सागरी कादंबऱ्यांचे अनुवाद करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तिथे ‘शीड’ लिहू नका, ‘दोर’ लिहा.

न कळणाऱ्या सागरी शब्दांची ही तक्रार जुनीच आहे. जोनाथन स्विफ्टने १७२६ साली गलिव्हरच्या दुसऱ्या सफरीत एका वादळाचं वर्णन घातलं, ते सॅम्युअल स्टर्मीच्या १६६९ सालच्या नौकानयनाच्या पुस्तकातून जवळजवळ जसंच्या तसं उचललेलं होतं. परिभाषेचा असा ढीग की सामान्य वाचकाला काहीही कळू नये. स्विफ्टला सागरी प्रवासवर्णनांतल्या या सवयीची थट्टाच करायची होती.

मग हे शब्द काढूनच टाकावेत का? माझं ठाम उत्तर, नाही. जहाजावर प्रत्येक दोराला स्वतःचं नाव असतं, कारण अंधारात, पावसात, कुणी ओरडून हुकूम दिला की तोच दोर हाताला लागला पाहिजे. तिथे ‘तो डावीकडचा दोर’ म्हणून भागत नाही. डाव्या बाजूला पूर्वी ‘लारबोर्ड’ म्हणत. तो शब्द उजवीकडच्या ‘स्टारबोर्ड’सारखा ऐकू येई, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये तो बदलून ‘पोर्ट’ केला. जिथे एका शब्दाच्या घोळाने जहाज जाऊ शकतं, तिथल्या माणसांच्या तोंडी मोघम भाषा घातली तर ती माणसं खोटी वाटतात.

शिवाय सगळे शब्द कळायची गरजही नसते. वरच्या एखाद्या शिडाचं लांबलचक नाव नुसतं कानावरून गेलं तरी चालतं. ‘आठ टोल पडले’ हे तीनदा वाचलं की पाळी बदलली हे आपोआप समजतं, लहान मूल भाषा शिकतं तसं. पण ज्या शब्दावर जहाजाचं मरण-जगणं टांगलेलं आहे, तो वाचकाला जाणवून देणं हे लेखकाचं काम आहे. शेवटच्या पानांवरचा शब्दार्थकोश ते करू शकत नाही. वादळाच्या मधोमध पानं उलटून मागे गेलो की वादळ थांबतं.

कादंबरीकार पॅट्रिक ओब्रायनने १९६९ मध्ये सुरू झालेल्या आपल्या सागरी कादंबऱ्यांच्या मालिकेत हे फार सुंदर साधलंय. त्याचा डॉक्टर मॅट्युरिन समुद्राच्या बाबतीत आपल्याइतकाच अनभिज्ञ. पहिल्याच पुस्तकात एक तरुण मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, त्याला वर डोलकाठीवर नेतो आणि कुठला दोर काय करतो ते सांगतो. त्यातली निम्मी नावं मी विसरलो आहे. पण आपल्यासोबत आणखी एक न कळणारा माणूस जहाजावर आहे, तो प्रश्न विचारतोय, गोंधळतोय, आणि तरीही लोक त्याला आपला मानतायत, एवढ्यानेच परकेपणा जातो. हजारो पानांत मला एकदाही बाहेर ठेवल्यासारखं वाटलं नाही.

सध्या एक वेगळीच सागरी कादंबरी हातात आहे. काल रात्री एका प्रकरणाच्या शेवटी वारा फिरला आणि पश्चिमेकडून वाहू लागला. किनारा पूर्वेला आहे. लेखकाने याहून एक शब्द जास्त लिहिलेला नाही, आणि मला झोप लागली नाही.